घालून पाहण्यापुरता ड्रेस

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतंच. कोणी हे वाचलंच तर चुका पोटात घाला. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे लिहिते: अख्ख्या वाशीम जिल्ह्यात माझ्याइतके नवे कपडे कोणी घालून पाहिले नसतील, आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंइतके कोणी परत पाठवले नसतील.

त्यांच्या मोबाईलवर एक कंपनी आहे. आपण वय, माप, आवड सांगायची. तिथली मुलगी आपल्याला शोभतील असे कपडे निवडून खोक्यात घरी पाठवते. घालून पाहायचे, ठेवू त्यांचे पैसे भरायचे, बाकीचे कुरिअरवाला परत नेतो. पहिलं खोकं मागवणं फुकट, पुढच्याला पैसे. एवढं कळलं आणि जाऊबाई कामाला लागल्या. आधी स्वतःच्या नावाने मागवलं, मग दोन्ही सुनांच्या, मग नणंदेच्या. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं, पण त्यांचं सिमकार्ड चालू होतं, म्हणून त्यांच्याही नावाने. आवडीच्या जागी काय दाबलं गेलं कोण जाणे, सासूबाईंना गुडघ्यावर फाटलेली जीन्स आली. जाऊबाईंनी ती मांडीवर घेऊन डोळे पुसले. "असती तं एकडाव घालून पाह्यली असती बुढीनं," म्हणाल्या.

त्यांना स्वतःला यातलं काही होत नसे, दंडावरच अडायचं. म्हणून खोकं आलं की दोन गल्ल्या मागे मला निरोप यायचा. कपड्याला तेल लागू नये म्हणून आधी त्या माझी मान साबणाने धुवायच्या आणि वेणी वर बांधायच्या. "हालू नको वं, कंपनीचा माल हाय." मग सोफ्यावर बसून, "फिर. आता दारातून ये. जराशी हासून ये नं, मयतीले चालली का?" शेजारणी बसलेल्या असायच्या. सगळ्या ड्रेसकडे बघायच्या. आत कोण आहे हे त्यांच्या लक्षातही नसायचं. नंतर जाऊबाई सगळं इस्त्री करून, होती तशी घडी घालून बंद करायच्या आणि खोकं किराणा दुकानात नेऊन वजन करायच्या. आलं तेव्हाही वजन केलेलंच असायचं. "कंपनीनं म्हटलं कमी हाय, तं?" दुकानदाराने एकदा चिडून विचारलं, "बाई, एवढ्यातलं काही ठेवता का नाई कधी?" जाऊबाई ताठ झाल्या. "एक रुपया घेऊ देला नाई म्या कंपनीले. वाशीमात अशी दुसरी दाखव."

घरातली नावं संपली तेव्हा त्यांना माझं नाव आठवलं. कंपनीच्या मुलीचा फोन आला. जाऊबाईंनी स्पीकर लावून माझ्यासमोर धरला. "ताई, तुम्हाला कोणता रंग आवडतो?"

लग्नातली साडी सासऱ्यांनी आणली होती. त्यानंतर जाऊबाईंच्या अंगावरून उतरलेल्याच नेसत आले. रंग कोणी विचारला नव्हता.

"सांग नं, कायले घाबरतं?" जाऊबाई म्हणाल्या.

"मोरपंखी," मी म्हटलं.

आणि तसाच आला. मोरपंखी पंजाबी ड्रेस, खांद्याला बरोबर, लांबीला बरोबर. त्या दिवशी "हासून ये" म्हणावं लागलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ काही मागितलं. "बाई, हा राहू द्या मले. मानोऱ्याले भाचीचं लग्न हाय, तिथं घालतो."

त्यांनी ड्रेसला लावलेली किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. "ठेव. पैसे आणून दे, मी मोबाईलवरून भरतो. तोवर इथंच राहू दे, तुया घरी उंदरं हायेत."

सोयाबीन कापायला गेले होते, त्या सोंगणीच्या मजुरीचे पैसे मी नेऊन दिले. लग्नाच्या आदल्या दिवशी ड्रेस आणायला गेले, तर जाऊबाई भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गेला वं तो. धाडून देला म्या. इतक्या खोक्यांत एक बी ठेवला नाई, अन् आता एकासाठी लोकं म्हनतीन, बाईनं शेवटी पैसे मोजलेच."

"पैसे तं माहे होते," मी म्हटलं.

"मोबाईल माहा होता नं?"

लग्नात मी त्यांची तपकिरी साडी नेसले. "माहीच हाय थे," त्या पंगतीत सांगत होत्या.

नावं संपली तशी खोकीही थांबली. मीही त्यांच्या दारात गेले नाही. राग होता, अजून आहे. पण आंघोळ करताना कधी मानेवर साबण फिरवते तेव्हा त्यांचे खरखरीत हात आठवतात. आई गेल्यावर माझी वेणी दुसऱ्या कोणी हातात धरली नव्हती.

मग एका दुपारी त्या आल्या, पहिल्यांदाच माझ्या घरी. चहा घेतला, कोपऱ्यात उंदीर दिसतो का पाहिलं. जाता जाता म्हणाल्या, "कंपनीच्या पोरीचा फोन आल्ता. इचारे, ताईले काय नाई आवडलं? म्या सांगितलं, रंग."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या हातावर नोटा ठेवल्या. त्याही इस्त्री केलेल्या होत्या. "मोजून घे."

मी मोजल्या. पैसे पुरे होते.