रिंगणाचं खिंडार

आमच्या गावाबाहेर, धानाच्या बांध्या संपतात तिथे, मातीचं एक मोठं रिंगण आहे. पुरुषभर उंच, आणि एका बाजूला बैलगाडी जाईल एवढं खिंडार. लिहिणं-वाचणं सुरू होण्याच्याही कितीतरी आधीचं, असं उत्खननाला आलेले लोक सांगून गेले. खिंडार म्हणजे आत जायची वाट म्हणे. तिथे सरकारी निळा फलक आहे: इथल्या मातीला हात लावाल तर शिक्षा.

हे बाबांना समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारं. मातीची पाळ दिसली की ती पाण्यासाठीच, आणि पाळ फुटलेली दिसली की जाता-येता एक तरी ढेकूळ टाकायचं, हा आमच्यात नेम. बाबा हल्ली पुष्कळ विसरतात. हा नेम मात्र विसरत नाहीत. रोज सकाळी आमच्या बांधीतलं ढेकूळ उचलून खिंडारात टाकायला निघतात.

यंदा रिंगणाच्या राखणदाराने मला रस्त्यात गाठलं. "तुमच्या बुढ्याले आवरा. साहेब येऊन राहिले पाहणीले. ढीग दिसला तं केस होईन, मंग माह्या हातात काही नाही."

तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. फाटक वाजलं की हातातलं काम टाकून बाहेर धावायचो. कोंडून ठेवावं तर त्यांचा जीव जाईल, सोडावं तर माझा. चिडचिड नुसती: बाबांवर, फलकावर, ती वाट ठेवून गेलेल्या त्या आदिम माणसांवरसुद्धा.

शेवटी मीच घमेलं उचललं. दुपारी बाबा झोपले की खिंडारात जायचं, त्यांची ढेकळं वेचायची आणि परत आमच्या बांधीत टाकायची. पाहणीच्या आदल्या दिवशी ढीग जवळजवळ संपला होता. मी वाकलेला असताना मागे काठी वाजली. बाबा उभे होते.

त्यांनी घमेल्याकडे पाहिलं, मग खिंडाराकडे. एरवी मला बाबू म्हणणारे बाबा परक्याशी बोलावं तसं बोलले, "तुमी कोनाचे हो? पाळ फोडून राहिले, तं घरचे काही म्हनत नाही?"

ते मला विसरले होते की रागावले होते, मला अजून कळलेलं नाही. मी त्यांचाच मुलगा आहे, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.