थोरलीने दडवलेली वाक्यं

बटण दाबायचं, चार भांडी घासून यायचं, तरी पडद्यावर काही उमटलेलं नसायचं. घरी बसून वकिलांची कागदपत्रं टाइप करणाऱ्या धाकटीचा कॉम्प्युटर हा असा. तीन वकिलांनी कंटाळून दुसरी टायपिस्ट धरली होती, उरलेला चौथाही नाक मुरडत होता.

दुरुस्तीवाल्याने सीपीयू उघडला आणि कपाळाला हात लावला. "ताई, याला नवी डिस्क, नवी मेमरी घालण्यात पैसे घालवू नका. थोडी भर टाका, नवाच येईल."

"नवा नको. यातलं सगळं आहे तसंच राहिलं पाहिजे."

कारण तिने सांगितलं नाही. हे काम मुळात दोघी बहिणींचं. दोन अक्षरं मारली की आख्खं वाक्य हजर व्हावं, म्हणून थोरलीने कॉम्प्युटरात लघुरूपं भरून ठेवली होती. थोरली मुलखाची खोडकर. कामाच्या वाक्यांत तिने आपलीही काही गुपचूप घुसडली, आणि वर्षाच्या आत आजाराने गेली. महिन्याभराने भाडेकरार टाइप करताना धाकटीचं बोट चुकलं, आणि घरमालकाच्या नावापुढे उमटलं, 'पाठ सरळ कर, कुबडे.' धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने मागे वळून पाहिलं. मग पाठ सरळ केली.

तीन वर्षांत अशी सतरा वाक्यं भेटली. 'चहा गार झाला बघ.' 'रुसलीस का?' यादी उघडून सगळी एकदम वाचता आली असती, पण धाकटीने ती कधी उघडली नाही. कुठल्या बोटाखाली थोरली बसलीय ते ठाऊक नाही, तोवर ती घरातच आहे, असं तिला वाटायचं. भीतीही वाटायची. ती भीती तिला हवी होती.

दोन दिवस खपून दुरुस्तीवाल्याने सगळं नव्या डिस्कवर चढवलं. कॉम्प्युटर चुटकीसरशी सुरू झाला. "लघुरूपं आली का बघतो," म्हणत त्याने यादी उघडली. धाकटीने तोंड फिरवलं.

"एकही गेलेलं नाही, ताई. कामाची दोनशे दहा. आणि ही अठरा जरा घरगुती दिसतायत. वाचून दाखवू?"

"बंद करा ते."

आवाज इतका चढला की तो बिचारा खुर्चीतून उठलाच.

खर्च वसूल झाला म्हणायचा. गेलेले वकीलही परतले. पण आकडा कानावर पडला तो पडलाच. सतरा भेटून झाली होती, म्हणजे एक उरलं. ते भेटलं की थोरलीचं बोलणं संपलं. धाकटी आता प्रत्येक अक्षर बघून, जपून टाइप करते. हल्ली तुमच्या कामात एक चूक सापडत नाही, असं चौथे वकीलसाहेब कौतुकाने म्हणाले, तेव्हा त्यांच्यासमोरच तिला रडू फुटलं.