भिंतीतला पिंपळ

आमच्या चिंचवड गावात भिंतीत पिंपळ उगवला की एकच नाव निघायचं, नूरमोहम्मद गवंडी. आमच्यात पिंपळ उपटला की पाप लागतं, म्हणून ते काम त्याच्या गळ्यात. पाप लागायचं तर त्याला लागू दे, आपली भिंत वाचली म्हणजे झालं! अशी आमच्या गावाची अक्कल.

पंचावन्न साली माझ्या सुनेचे दिवस भरत आले, आणि बाळंतिणीच्या खोलीची भिंत पिंपळानं फुगली. चांगलं मनगटाएवढं खोड. ठेवावा तर भिंत अंगावर यायची, मारावा तर घरात पोटुशी बाई. माझा जीव नुसता टांगणीला. नूरमोहम्मदला म्हणलं, "भाऊ, काढ, पण मारू नको रं."

"आक्का, मी कधी मारला?" तो हसला.

सकाळपासून एकेक दगड सैल करीत त्यानं मुळं न तोडता झाड काढलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि निघाला. माझा कुठला विश्वास! मी आपली त्याच्या मागं थेट काळेवाडीला त्याच्या घरापर्यंत.

अंगणात बघते तर काय! फुटक्या माठांत, जुन्या घमेल्यांत हातभर उंचीचे पिंपळच पिंपळ. खोडं म्हाताऱ्या झाडांची, पानं रुपयाएवढी. आमचाही त्यानं एका घमेल्यात रोवला. "ह्यो मारुतीच्या देवळाचा, ह्यो गोजाबाईच्या न्हाणीचा," तो दाखवीत गेला. पिंपरीत औषधाची कंपनी उभी करायला आलेल्या एका साहेबानं म्हणे त्याला जपानातला फोटो दाखवला होता. कुंडीत लावायला असलं जुनं, बुटकं खोड मिळावं म्हणून तिकडं लोक डोंगर पालथे घालतात.

"आन् मला तुमी वर मजुरी देता!"

मी हसले. त्याची बायको फरीदा काही हसली न्हाई.

"आक्का, हे गावात सांगाल का?" ती म्हणाली. "ह्यांनी पिंपळ मारले म्हणून माझी कूस उजवली न्हाई, असं तुमच्या पाणवठ्यावर बोलतात. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

मला राग आला, आमच्या सगळ्यांचाच.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका गोळा करून काळेवाडीला नेल्या. एकेकीला तिच्या झाडापुढं उभी केली. "बघ गं बाई, मेलाय का?" गोजाबाईची जीभ सगळ्यांत लांब. तीच म्हणाली, "माझा पिंपळ मला परत दे."

"न्हाई देणार," फरीदा पाण्याचा लोटा पुढं करत म्हणाली. "पाणी घालायचं तर घाला."

गोजाबाईनं जन्मात मुसलमानाच्या घरचं पाणी शिवलं नव्हतं. तिनं पदर खोचला. मग फरीदाच्या हातातला लोटा घेतला आणि तिनं झाडाला पाणी घातलं.