अनुमोदक कोन?

मी पाह्यलं होतं. ह्या डोळ्यांनी पाह्यलं होतं. तरी आमच्या गावात एकानं मानलं नाई!

मोहाचे दिवस होते. आमच्या इथी फूल वेचायच्या आधी लोकं झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे पडलेलं फूल साफ दिसते. वाईट सवय आहे, पण आहे. ज्याचं झाड त्यानं पेटवायचं, अन् विझेपर्यंत तिथीच उभं राहायचं. देवाजीभाऊनं आपल्या मोहाखाली पाला पेटवला अन् न्याहारीले घरी निघून गेला. आग सरकत सरकत माह्या दोन मोहांपाशी आली. सासऱ्याच्या वेळचे मोह. एक उभ्यानं जळला, दुसरा अर्धा.

मी बोंबलत गावात आली, "देवाजीनं लावली! मी पाह्यलं!"

तं लोकं म्हणतात कसे, "वनवा आहे बाई. वनवा आपोआप लागते."

आपोआप! म्हणजे माचीस पायानं चालत गेली जंगलात!

देवाजीभाऊच्या ट्रॅक्टरनं अख्ख्या गावाच्या धानाच्या बांध्या नांगरल्या जातात. म्हणून आमच्या इथी वनवा आपोआप लागते.

आमच्या घरचा माणूस असता तं भांडला असता. पण तो त्याच्या आधीच्या पावसाळ्यातच तापानं गेला. पोरगी राजुऱ्याले दिली. घरी मी एकटी. ज्याच्या घरी ऐकणारं असते, त्याचे किस्से रोजच्या रोज खपतात. रात्रीच्या भातासंगं संपतात. माह्याकडे साचत गेले. अन् आमची जंगल समिती सभा घ्यायची रीत शिकली तवापासून तं ढीग झाला. म्हणून बसा. ऐका.

*

पहिला किस्सा ट्रेनिंगचा. समितीतल्या बायकांले धानोऱ्याले बलावलं होतं. सभा कशी चालवायची ते शिकवाले नागभीडकडच्या एक मॅडम आल्या होत्या. तोवर आमची सभा म्हणजे बाजार. सगळे एकदम बोलाचे, ज्याचा आवाज मोठा त्याचा निर्णय.

मॅडमनं पहिलाच प्रश्न टाकला, "सभेत सगळ्यात महत्त्वाचं माणूस कोणतं?"

आमची भागरताबाई, वयानं सगळ्यात मोठी, टुणकन उठली. "चहा करनारी!"

मॅडम हसल्या. मंग त्यांनी फळ्यावर लिहिलं. सभेले अध्यक्ष. बोलायचं तं हात वर करायचा. अध्यक्षाकडे पाहून बोलायचं, एकमेकाशी नाई. एकानं ठराव मांडायचा, तो सूचक. दुसऱ्यानं त्याले साथ द्यायची, तो अनुमोदक. अनुमोदक भेटला तं चर्चा, मंग मतदान. नाई भेटला तं ठराव तिथीच पडला.

मी हात वर केला. "मॅडम, अजेंड्यावर घेतलेला विषय कोनी दाबून टाकला तं?"

"दाबता येत नाही सुमनबाई. निर्णय होईपर्यंत तो विषय पुढच्या प्रत्येक सभेत येत राहतो."

मी चौथी शिकलेली. पण चार वर्गात मले एवढं सुखाचं वाक्य कोणी शिकवलं नव्हतं.

*

गावात आल्यावर पहिली अध्यक्ष अंगणवाडीची रंजना झाली. तिनं नियम कडक लावला, "जे बोलायचं ते माह्याकडं पाहून बोला!"

त्याच सभेत कौसाबाई अन् भागरताबाईची जुंपली. कौसाबाई माही शेजारीण. लग्न होऊन आली तवापासून आम्ही दोघी संगंच मोह वेचतो. दोघींनी हात वर केले, अन् दोघी रंजनाकडं पाहून भांडाले लागल्या. सुरुवात कौसाबाईची.

"अध्यक्षबाई, तुमच्या परवानगीनं इचारते, हिची शेळी माह्या वांग्यात काऊन येते?"

"अध्यक्षबाई, तिले सांगा, कुंपन दिसलं तं शेळी थांबन. कुंपन आहे कुठी?"

"अध्यक्षबाई, हिले सांगा, कुंपन हिच्याच नवऱ्यानं उपसून चुलीत घातलं!"

"अध्यक्षबाई, माह्या नवऱ्याचं नाव काढलं तं मी अध्यक्षबाईले बी सोडनार नाई!"

रंजना गरीब पोरगी. मान इकडून तिकडं फिरवून फिरवून तिले चक्कर आली.

पण नियम कसा अंगात भिनते पाहा. दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर मी पाणी भरून राह्यली होती. दोघीही आल्या. एकमेकीशी बोलणं बंद. कौसाबाई माह्याकडं पाहून म्हणते, "सुमनबाई, तुमी अध्यक्ष नाई, पन हिले सांगा बाल्टी सरकव म्हनून!"

*

मंग माहा दिवस आला. शाळेच्या व्हरांड्यात सभा. मी हात वर केला, उभी राह्यली, अध्यक्षाकडं पाह्यलं. सगळं मॅडमनं सांगतल्यासारखं.

"अध्यक्षबाई, माहा ठराव आहे का माहे मोह ज्या आगीनं जळले ती आग देवाजीभाऊनं लावली, हे समितीनं मान्य करावं."

देवाजीभाऊ समोरच बसला होता. सुपारी कातरत होता. थांबला नाई.

रंजना म्हणे, "अनुमोदक कोन?"

कोणी नाई. मी कौसाबाईकडं पाह्यलं. कौसाबाई पायाच्या नखाकडं पाहून राह्यली होती, जसं काही नखावर आजचा अजेंडा लिहिला आहे. बाहेर कोंबडी ओरडत होती, तीच काय ते सभेत बोलली.

अन् मंग मागून एक हात वर आला. भागरताबाईचा! माह्या काळजात असं झालं का काय सांगू.

रंजना बी खूश झाली. "भागरताबाई, तुमी अनुमोदन देता?"

"मी काऊन देऊ वो? मी पदर सावरून राह्यली!"

ठराव पडला. विषय 'प्रलंबित' म्हणून पुढं गेला. त्या दिवसापासून भागरताबाई सभेत डोक्याले हात लावत नाई. माशी बसली तं बसू देते.

*

मी बी वस्ताद. म्हणलं, नाव नको तं नको. पुढच्या सभेत दुसरा ठराव मांडला, "मोहाखाली कोणी आग लावू नये." यात कोणाचं नाव नाई, तं कौसाबाईनं लगेच अनुमोदन दिलं. मले वाटलं, जितली!

पण मॅडमनं उपसूचनाबी शिकवली होती. म्हणजे ठराव न पाडता त्यातला शब्द बदलायचा.

देवाजीभाऊनं हात वर केला. "अध्यक्षबाई, 'कोनी'च्या जागी 'बाहेरच्या मानसानं' घाला. आपल्या गावचे लोकं समजदार आहेत." मंजूर!

त्याचा भाचा उठला. "'आग'च्या जागी 'मोठी आग' घाला. बारीक आगीनं काय होते?" मंजूर!

भागरताबाई बसल्या जागून ओरडली, "अन् 'लावू नये' हे लय कडक होते वो. 'काळजी घ्यावी' म्हना. पाहुन्याले आसं तोडून बोलू नये!" मंजूर!

शेवटी रंजनानं ठराव वाचून दाखवला, "बाहेरच्या माणसानं मोहाखाली मोठी आग लावताना काळजी घ्यावी."

सर्वानुमते पास. टाळ्या!

मी म्हणलं, "अन् गावच्या माणसानं?"

"विषय संपला, सुमनबाई. पुढचा विषय चहा."

*

घरी आली का मले सभा सुटत नव्हती. संध्याकाळी चुलीपुढं बसली का तोंडातून निघाचंच. "आजचा विषय, भाजी. सूचक सुमनबाई. अंबाडीची करावी." मंग मीच विचाराची, "अनुमोदक कोन?"

चूल धूर सोडाची. मी तेच अनुमोदन समजाची. चर्चा नाई, विरोध नाई, सर्वानुमते अंबाडी. गावात माहा एक ठराव धड पास होत नव्हता अन् घरी एक पडत नव्हता. एकदा तं मी मुद्दाम विरोधात मत दिलं. म्हणलं, काई तरी आवाज व्हावा घरात.

पोरगी रविवारी व्हिडिओ कॉल करते. एका रविवारी ती तिच्या सासूचं, नंदेचं, गॅसच्या टाकीचं सांगत होती, थांबतच नव्हती. मले बी बोलायचं होतं. मोहाचं सांगायचं होतं, सभेचं सांगायचं होतं. सवयीनं माहा हात वर गेला.

ती म्हणे, "हो आई, टाटा टाटा! जेवून घे!"

अन् फोन ठेवला.

*

मंग एक दिवस चमत्कार झाला. रंजनाची मुदत संपली, तिनं लिहायचं काम घेतलं, नवा अध्यक्ष निवडायचा होता. देवाजीभाऊनं हात वर केला.

"मी सुमनबाईचं नाव सुचवतो!"

मले वाटलं कान वाजले. कौसाबाईनं अनुमोदन दिलं, सगळ्यांनी हात वर केले. झेंडूचा हार आणला होता, म्हणजे आधीच ठरलं होतं. फोटो काढला. मी खुर्चीवर बसली अन् डोळ्यात पाणी आलं, खोटं काऊन बोलू. म्हणलं, गावाले माही कदर कळली. आता मानतील.

पुढच्या सभेत मी पहिल्यांदा तेच काढलं. "प्रलंबित विषय, मोहाची आग. मी ठराव मांडते का..."

देवाजीभाऊचा हात वर. "हरकतीचा मुद्दा! अध्यक्षाले ठराव मांडता येत नाई. एका बाजूनं बोलता येत नाई. अन् मत बी दोन्हीकडं सारखे हात आले तरच देता येते."

मी रंजनाकडं पाह्यलं. ती खाली मान घालून म्हणे, "बरोबर आहे बाई. मॅडमनं आसंच सांगतलं होतं."

देवाजीभाऊ धानोऱ्याले ट्रेनिंगले गेला नव्हता. गावभर मीच नियम सांगत फिरत होती, माह्याच तोंडून ऐकून ऐकून शिकला!

*

पण अध्यक्षाच्या हाती एक गोष्ट असते. अजेंडा. दर सभेत मी शेवटचा विषय तोच ठेवाची, मोहाची आग कोणी लावली. अन् चहा शेवटच्या विषयानंतर. मी विचाराची, "कोनाले ठराव मांडायचा आहे?" सगळे छताकडं पाहाचे. मी बसून राहाची. मले बोलता येत नव्हतं, तं मी त्यांचं न बोलणं ऐकत बसाची. चहा उकळून उकळून काढा व्हायचा, तवा कुठी मी म्हणाची, "विषय प्रलंबित. सभा संपली."

असं पावसाळा आला, गेला. धान कापून झालं. लोकं कावले. भागरताबाई मले रस्त्यात म्हणते, "सुमन, तुह्या आगीनं आमचा चहा जळते वो!"

मागच्या सभेत विषय निघाला अन् देवाजीभाऊ उभा राह्यला. सुपारी नव्हती हातात.

"अध्यक्षबाई, हा विषय आज बंद करू. माहा ठराव आहे."

त्यानं सगळ्या व्हरांड्यावर एकदा नजर फिरवली.

"गावात कोनाचं नाव लिहिलं तं भांडन होईन. पोरं एकमेकाच्या लग्नाले जानार नाईत. म्हनून आसं नाव पायजे का ज्याले राग येनार नाई अन् ज्याच्याकडं कोनी जाब इचाराले जानार नाई. माहा ठराव आहे, आग सुमनबाईच्या घरच्यानं लावली आसं लिहा. मोह त्याचेच, जळले बी त्याचेच. कोनाचं वाईट झालं नाई, विषय बी बंद."

मी म्हणलं, "तो तं आगीच्या आधीच्याच पावसाळ्यात गेला! तुमी सगळे खांद्याले होते!"

"अध्यक्षाले चर्चेत बोलता येत नाई," देवाजीभाऊ म्हणे. हळूच म्हणे, ओरडला नाई.

मंग माह्या ध्यानात आलं का पुढचं मलेच विचारायचं आहे. ते अध्यक्षाचंच काम.

"अनुमोदक कोन?"

कौसाबाईचा हात वर गेला. तिच्या मागं दुसरा, तिसरा, सगळा व्हरांडा. देवाजीच्या नावाच्या माह्या ठरावाले एक हात भेटला नव्हता, अन् इथी मोजाले जागा नव्हती.

"विरोधात कोनी?"

मी थांबली. एकेकाच्या तोंडाकडं पाह्यलं. भागरताबाईच्या, रंजनाच्या, कौसाबाईच्या. हंडीतला चहा उकळून उतू गेला, तरी थांबली. कोणी नाई.

रंजना पेन धरून बसली होती. "बाई, आता तुमी नाव मोठ्यानं सांगा. अध्यक्षानं सांगतल्याशिवाय लिहिता येत नाई."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाई. लग्नाच्या दिवशी उखाण्यात घेतलं तेवढंच. मंग जन्मभर 'आमचे हे', नाई तं 'पोरीचा बाप'. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तवा बी पोरीनं सांगतलं, मी भिंतीकडं पाह्यलं. तो गेला त्या दिवशी बी मी बिननावानंच रडली.

गावाले हे माहीत होतं. कौसाबाई खुर्चीजवळ सरकली, हळूच म्हणे, "मी सांगू काय वो?"

"नाई," मी म्हणलं. "अध्यक्ष मी आहे."

मी उभी राह्यली. पदर डोक्यावर घेतला. देवाजीभाऊच्या डोळ्यात पाह्यलं, अन् शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जाईन अशा आवाजात म्हणलं,

"सोमाजी."