ऐकलेली कॉफी

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ. मी जुन्या पनवेलमध्ये वाढलो. पाहुणा चहा घेत नसला, किंवा घरात कुणाला कणकण असली, की कॉफी व्हायची. दूध उकळायचं, त्यात चमचाभर पावडर, तीन चमचे साखर, वर जायफळ किसायचं. पन्नाशीपर्यंत मी हीच कॉफी प्यायलो आणि मला कॉफीतलं कळतं असं खुशाल समजत राहिलो. खाण्यापिण्याच्या बाबतीत मी भारी चोखंदळ. आमटीत गूळ जरा जास्त झाला तरी मला तो पहिल्या घासाला कळायचा, आणि कळल्यावर गप्प बसणं काही मला जमत नसे. बायको म्हणायची, याच्या जिभेला वेगळा पगार द्यायला हवा.

साथीच्या दिवसांत करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये चौघांनाही ताप आला. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या सासूबाई. देवाच्या दयेने सगळे आठ-दहा दिवसांत उठून बसलो. माझं नाक तेवढं परत आलं नाही.

पहिला आठवडा मी त्याची थट्टाच केली. जन्मभर सगळ्या गोष्टीत नाक खुपसलं, आता विश्रांती घेऊ दे म्हटलं. मग एक महिना गेला, दोन गेले. जेवताना जिभेला फक्त खारट, आंबट, तिखट, गोड एवढंच कळायचं. बाकी ताटातला प्रत्येक पदार्थ ओल्या पुठ्ठ्यासारखा. मी जेवणाला नावं ठेवणं बंद केलं, आणि त्यालाच बायको घाबरली. बायको शेजारी येऊन बसली तरी ती आल्याचं मला डोळ्यांनीच कळायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. वजन सहा किलोंनी उतरलं, चिडचिड वाढली, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. हे असंच राहिलं तर आयुष्यभर आपण काचेतून बघत राहणार, असं वाटायचं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी औषध दिलं नाही, व्यायाम दिला. लवंग, लिंबू, निलगिरी आणि कॉफी. रोज दोन वेळा एकेक हुंगायचं आणि हुंगताना तो वास आठवायचा. "नाक विसरलंय, त्याला आठवण करून द्या," ते म्हणाले. "वर्षभर करा. येईल, कदाचित नाहीही येणार. आणि सुरुवातीला आलाच तर चुकीचा वास येईल, घाबरू नका."

लवंग हुंगताना मला दाढदुखी आठवायची, म्हणजे वास येत नसला तरी तो कुठे होता ते कळायचं. लिंबाचंही तसंच. कॉफीच्या बरणीपाशी मात्र मी अडलो. डोळे मिटले की जायफळ आठवायचं. कॉफीचा स्वतःचा वास आठवेना, कारण त्याच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. पन्नास वर्षं एखाद्या माणसाकडे जाऊन त्याचं नाव न विचारल्यासारखं झालं. मला लाज वाटली.

मुलीला हे सांगितल्यावर ती कामोठ्यातल्या एका लहानशा दुकानातून कॉफीच्या भाजलेल्या बियांची पिशवी घेऊन आली. त्या दुकानात तिथल्या तिथे कॉफी भाजून देतात. पिशवीवर इंग्रजीत त्या कॉफीच्या चवी छापल्या होत्या. "पप्पा, यात जर्दाळू आहे, मध आहे, वाचून दाखवू?" मी तिच्यावर डाफरलो. कॉफीत कसले आलेत जर्दाळू, हे विकायचे धंदे, असं काहीबाही बोललो. पोर हिरमुसली.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात कोलंबी सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आना इकडं ती पिशवी."

सासूबाई उरणच्या कोळीण. चाळीस वर्षं मासे विकले, आधी उरणला, मग पनवेलच्या मार्केटात. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा टोपली सुटली आणि त्या आमच्याकडे आल्या. त्यांचं नाक म्हणजे बाजारात शेवटचा शब्द होता. बर्फाखालचं मावरं कालचं की आजचं हे त्या पाटीजवळून जाताजाता सांगायच्या, आणि विकणारीण निमूटपणे भाव उतरवायची. लहानपणी माझी बायको कुणाच्या घरून काय खाऊन आली, हे त्यांना ती उंबऱ्यात असतानाच कळायचं म्हणे. पण जावई म्हणून माझ्याशी त्या जपून असायच्या. डोक्यावरचा पदर सावरून बोलायच्या, सोफ्यावर माझ्यासमोर बसायच्या नाहीत. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि आमच्यात मोजून पंचवीस वाक्यं झाली असतील. त्यातली निम्मी "जेवलं का, जावय?" अशी.

हात धुऊन त्यांनी मूठभर बिया तळहातावर घेतल्या. बोटांनी फिरवल्या, एकीला नख लावलं, एक दाताखाली फोडली. मग पिशवीत नाक घालून डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मुलगी माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा तेच केलं आणि मग बोलल्या.

"खारीक भिजत घातली ना, जावय, की दुसऱ्या दिवशी ते पानी रातं, त्याचा वास हाय. आनि मागून लाकूड. नव्या होरीचं, रंग लावायच्या आदीचं."

होरी म्हणजे होडी. मी पिशवीत नाक घातलं. काही नाही. पण आता मला आठवायला काहीतरी होतं. खारकेचं ते गढूळ गोड पाणी मला आठवलं, वाटीच्या तळाशी उरलेलं. होडीचं ताजं लाकूड मी कधी हुंगलं नव्हतं, पण सुताराकडचा भुसा आठवला. मला इतकं नवल वाटलं की मी पुन्हा पुन्हा तीच पिशवी उघडत बसलो.

मग तो रोजचाच नेम झाला. सकाळी सात वाजता मुलगी हाताने फिरवायच्या गिरणीत बिया दळायची. कागदाच्या गाळणीत ती भुकटी घालून वरून गरम पाण्याची बारीक धार सोडायची. पहिलं पाणी पडलं की भुकटी हळूहळू फुगून वर यायची, मध्ये बुडबुडे फुटायचे. सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "जित्ती हाय," त्या म्हणाल्या. पुढे एकदा शिळी पिशवी आली. भुकटी फुगलीच नाही. त्यांनी लांबूनच मान हलवली आणि मुलगी ती कॉफी दुकानात परत देऊन आली. दुकानदार म्हणाला, खरंच जुनी होती, कुणी ओळखली?

बिनदुधाची, बिनसाखरेची ती कॉफी त्या माझ्यासमोर, सोफ्यावर बसून प्यायच्या. हा एक बदल आपोआप झाला, कधी ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि प्रत्येक पिशवीला त्या नवं काहीतरी सांगायच्या. चुलीवर वांगं भाजून सोललं की हाताला राहतो तो वास. उन्हात तापलेल्या जाळीतल्या करवंदांचा. ईडलिंबाच्या सालीचा, "रस नाय, निस्ती साल." मी नाक कपाला लावून ऐकत राहायचो. ज्या बाईने उभ्या जन्मात कॉफी प्यायली नव्हती, तिला एका काळ्या पाण्यात अख्खं रान आणि खाडी दिसत होती. मी अक्षरशः थक्क होत होतो. आणि गंमत म्हणजे वास येत नसताना माझी जीभ शहाणी व्हायला लागली. आंबटपणा कडेला लागतो की मध्ये, कडूपणा गिळल्यावर लगेच जातो की रेंगाळतो, हे मला कळू लागलं. मेथीचं कडू वेगळं आणि करपल्याचं कडू वेगळं. साखर सुटली, जायफळ सुटलं.

बेलापूरच्या ऑफिसात मी मशीनची कॉफी नाकारायला लागलो. लोक विचारायचे, मग मी ऐटीत सांगायचो, खारकेचं पाणी, नव्या होडीचं लाकूड. दोघा-तिघांनी माझ्या सांगण्यावरून कामोठ्याहून कॉफी आणली आणि ते मला जाणकार समजू लागले. मला अजून कशाचाही वास येत नव्हता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

असे आठ महिने गेले. मग मुलगी परीक्षेसाठी आठवडाभर पुण्याला गेली. घरातली कॉफी संपली, तेव्हा बायकोने कपाटातून एक उघडी पिशवी शोधून काढली. मुलीने कधीतरी ठेवली असावी. मी स्वतः बिया दळायला घेतल्या. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे पिशवीत नाक घातलं, डोळे मिटले.

"मध हाय आज," त्या म्हणाल्या. "रानातला. पोळं काडतात तवाचा."

मी पिशवी घेतली, हुंगली, आणि माझ्या कपाळात काहीतरी थंड, तिखट घुसलं. डोळ्यांत पाणी आलं. मी खाली बसलो. वास होता. दहा महिन्यांनी वास होता. क्षणभर कशाचा तेही कळेना, नुसतं काहीतरी आत येतंय एवढंच. मग ओळख पटली. डांबराच्या गोळ्या.

मला वाटलं, डॉक्टर म्हणाले तसा चुकीचाच आलेला दिसतोय. मधाच्या जागी डांबर. मी बायकोला हाक मारून पिशवी तिच्या नाकाशी धरली. ती मागे सरली. "शी, गोळ्या लागल्यात याला. गरम कपड्यांच्या कप्प्यात होती ना. टाकून दे," असं म्हणून ती शिट्टी देणाऱ्या कुकरकडे धावली.

म्हणजे माझं नाक बरोबर होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"आलं का, जावय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आलं, आई."

त्या गुडघे सांभाळत उठल्या. बावीस वर्षांत कधी हात लावला नव्हता, पण माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. डोळे भरले होते. "मंग सांगा ना, कसला येतो वास?"

खोटं बोलायला हवं होतं कदाचित. मला सुचलं नाही. "डांबराच्या गोळ्यांचा," मी म्हणालो.

त्यांचे हात खाली आले. सोफ्याच्या कडेला टेकून त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"माजंबी तवाच गेलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या आदी दोन दिवस."

"मग ते खारीक, करवंदं, सगळं?"

"पोरीला आदी बाजूला घेऊन इचारायची, पिशवीवर काय लिवलंय. ती वाचून दावायची. ते जर्दालू काय मना ठाव नाय, मंग त्याच्या जवलचं मना ठाव असलेलं काय, ते शोदायची. तिला बोलले व्हते, बापाला सांगू नको. तुमाला लिवलेलं पटत नव्हतं, मानसानं सांगितलं तर पटंल म्हटलं."

"पण तुम्ही कुणालाच का नाही सांगितलंत? डॉक्टरांना तरी?"

"कोलनीचं नाक गेलं तर तिचं काय रायलं, जावय? अजून बाया फोन करून इचारतात, मावशे, हे घेऊ का ते घेऊ." मग म्हणाल्या, "मावरं मी बोटानं बगते, डोल्यानं बगते. चालतं. तुमचं नाय चालत व्हतं. तुमी जेवत नव्हते."

आठ महिने ही बाई रोज सकाळी माझ्यासमोर बसून कडू गरम पाणी प्यायली होती. त्या पाण्यात तिला काहीही नव्हतं. जे काही मी तिच्याकडून ऐकलं ते तिने आतून, आठवून आठवून काढलं होतं. त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही.

संध्याकाळी कामोठ्याहून नवी पिशवी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच कॉफी केली. पाणी पडलं, भुकटी फुगली, आणि वाफेबरोबर वास आला. अजून पातळ होता, विरळ होता, पण होता. एवढा मोठा वास या घरात रोज दरवळत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. पिशवीवर काय लिहिलंय ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

सासूबाई दोन्ही हातांत कप धरून बसल्या होत्या. "आता तुमी सांगा," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

"भाजलेले शेंगदाणे," मी म्हणालो.

"सालासकट का साल काडून?"

मला माहीत नव्हतं. मी पुन्हा कपात नाक घातलं, एकदा, दोनदा. त्या डोळे मिटूनच थांबल्या होत्या.

"सालासकट," मी म्हणालो. "गरम असतानाच हातावर चोळलेले."

त्यांनी लांब श्वास आत ओढला, आणि कितीतरी वेळाने सोडला.

"हां," त्या म्हणाल्या. "आठवला."