दहापर्यंत मोजायचं

मी रिठदची, पशुवैद्य. माझं काम गोठवलेल्या भ्रूणांचं. चांगल्या जातीच्या गाईच्या पोटातून, रेतनानंतर सातव्या दिवशी काढलेलं भ्रूण, जेमतेम ठिपक्याएवढं, बारीक नळीत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायचं, आणि वेळ आली की वितळवून गावरान गाईच्या गर्भाशयात सोडायचं. प्रयोगशाळेत वितळवलेली भ्रूणं छान टिकायची. गावात नेलेली टिकत नसत. गाई रिकाम्या राहायच्या. "गावच्या गाईंना खुराकच नसतो," प्रयोगशाळेचे साहेब म्हणायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

मला ते पटत नव्हतं. एका एप्रिलमध्ये मी मायक्रोस्कोप उशांमध्ये गुंडाळून जीपमध्ये ठेवला आणि मेडशीला एका काकूंच्या गोठ्यावर गेले. त्यांची लाल गाय आमच्या हातून दोनदा रिकामी राहिली होती. तरी त्यांनी आधी चहा ठेवला.

मी टाकीतून नळी काढली, नेहमीसारखी झटकन कोमट पाण्यात घातली आणि भ्रूण काचेवर घेतलं. भिंगाखाली त्याचं पारदर्शक कवच तडकलेलं दिसलं. काकूंनीही एक डोळा मिटून पाहिलं.

"बाई, हे त अंड्याचं टरफल फुटल्यावानी दिसून राह्यलं. एवढ्या घाईनं पाण्यात कायले बुडवलं?"

"ऊन लागू नये म्हणून, काकू."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. प्रयोगशाळेत आम्ही नळी आधी दहा मोजेपर्यंत हवेत धरतो, गारठा हळूहळू उतरू देतो, मग पाण्यात घालतो. गावात उन्हाच्या धास्तीनं ते दहा आकडे गाळत होतो. सगळेच, मीसुद्धा. आणि दोष गाईंना देत होतो.

काकूंनी दाराला ओलं गोणपाट बांधलं. त्या सावलीत मी दुसरी नळी धरली, दहा मोजले, थर्मामीटर पाहून पाण्यात घातली. कवच अखंड होतं! पुढे कामरगावला, रिठदला, जिथं जाईन तिथं तसंच करून पाहिलं. एखादं भ्रूण तरीही जायचं, पण बहुतेक टिकायची. नोंदवही साहेबांपुढे ठेवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "सगळ्यांसाठी लिहून द्या. मराठीत." आता प्रत्येक टाकीबरोबर माझा तो कागद जातो.

काकूंच्या गाईत पावसाळ्यात पुन्हा भ्रूण सोडलं. या वेळी ती गाभण राहिली आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी व्याली. लाल गाईला पांढरीशुभ्र, गवळाऊ जातीची कालवड!

माझे बाबा जन्मभर लोकांची गुरं राखत आले. ते एसटीनं मेडशीला आले, कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "हे माह्या पोरीनं केलं."

"अन् माह्या गाईनं," काकू म्हणाल्या.

"हो, हो, तिनंबी," म्हणत बाबांनी लाल गाईपुढे वैरणीची पेंढी सोडली.