सात किलोची बॅग आणि आत्याचा नारळ

आमच्या घरात मला कंजूस म्हणतात. मी स्वतःला हलकी म्हणते. विमानाने कुठेही जायचं असलं की मी सगळ्यात स्वस्त तिकीट काढते, ज्यात सामान टाकायची सोयच नसते. हातात सात किलोची एक बॅग, तेवढंच. आजवर जादा सामानाचा एक रुपया मी भरलेला नव्हता, आणि हे मी लग्नकार्यात ओळखपाळख नसलेल्यांनाही सांगत आले आहे.

या वेळी मात्र माझ्याबरोबर आत्या होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, वय पासष्ट, मुक्काम नाहूर. तिची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आहे आणि पावसाळ्याआधी सगळ्यांना घरं रिकामी करायची आहेत. बिल्डर भाडं देणार, पण राहायचं कुठे? मुलुंडला आमच्या मजल्यावर एक वन आरके रिकामा होता. मी तो बघून, मालकाशी बोलून, खिडकीला पडदे कुठले लावायचे इथपर्यंत येऊन पोहोचले होते. तिकडे कोचीहून आत्याची मुलगी रूपा रोज फोन करत होती, की आई, आता इकडेच ये. आत्या दोघींनाही ‘बघू’ म्हणायची. शेवटी म्हणाली, आधी जाऊन बघून येते, मग ठरवते. तिला एकटीला विमानात बसायची धास्ती, म्हणून मी निघाले. खरं सांगायचं तर ती परत येतेय ना, यावर लक्ष ठेवायलाही निघाले. मी चौथीत असल्यापासून शाळा सुटली की आत्याकडेच जेवले आहे. ती लांब गेलेली मला नको होती.

तिकीट महिनाभर आधी काढलं, मंगळवारच्या दुपारचं. लोकांना शुक्रवार-रविवार हवे असतात, मधल्या वारांची दुपार कोणालाच नको असते, म्हणून ती स्वस्त पडते. मग आत्याची बॅग भरायला नाहूरला गेले. तिने पलंगावर नऊ साड्या काढून ठेवल्या होत्या. मी चार ठेवल्या, त्याही चटकन वाळणाऱ्या. कपडे घडी न घालता गुंडाळायचे म्हणजे जागा वाचते आणि चुण्याही कमी पडतात. लोणच्याची बरणी बाहेर, कारण हातातल्या सामानात लोणचं अडवतात. तेलाची मोठी बाटली बाहेर. सुक्या खोबऱ्याची वाटी तर विमानात कुठूनच चालत नाही, तीही बाहेर. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची पुडी आत्याने तीनदा आत टाकली आणि मी तीनदा बाहेर काढली. काट्याला अडकवून बॅग उचलली तर साडेसहाच भरली. मी विजयी मुद्रेने घरी आले.

विमानतळाला टॅक्सी करू नका, विशेषतः पूर्व उपनगरातून. आम्ही नाहूरहून दुपारच्या निवांत लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि तिथे खाली उतरून भुयारी मेट्रोने पुढचंच स्टेशन, टर्मिनल दोन. दोघींचे मिळून रिक्षाच्या एका छोट्या फेरीइतके पैसे झाले. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या ठेवा, तपासणीच्या पलीकडे नळ असतो. खायला घरून तिखटमिठाच्या पुऱ्या न्या, आतल्या समोशाची किंमत बघून भूक मरते.

आम्ही फारच लवकर पोहोचलो होतो. गाडी चुकण्याची आत्याला भयंकर भीती. पुढे तेच कामाला आलं.

तपासणीच्या यंत्रातून माझी बॅग गेली, आत्याची बॅग गेली, आणि आत्याची पर्स थांबली. वर्दीतल्या बाईंनी ती उघडली आणि आतून शेंडीसकट एक नारळ काढला.

“माताजी, ये अंदर नहीं जाएगा.”

मी आत्याकडे बघितलं. आत्या नारळाकडे बघत होती. मी विचारलं, की अगं, आपण केरळला चाललोय, तिथे नारळ नसतील का?

“असतले. पण ह्यो देवापुढे ठेवलेलो असा,” आत्या म्हणाली. “ह्याच्यार गाऱ्हाणा घातलाय मी.”

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे कुठल्याही मोठ्या गोष्टीआधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. म्हणजे आपली अडचण देवाला मोठ्याने, सगळ्यांदेखत सांगायची. ऐकणाऱ्यांनी मध्ये मध्ये ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आत्याने आदल्या संध्याकाळी घरात एकटीनेच नारळ ठेवला होता आणि देवाला विचारलं होतं, की मुलुंड की कोची, काय ती वाट दाखव. पण व्हय म्हणायला शेजारीही उरले नव्हते, अर्धी बिल्डिंग रिकामी झाली आहे. म्हणून बाकीचं गाऱ्हाणं लेकीच्या घरी, माणसांत पुरं करायचं आणि हाच नारळ तिथे फोडायचा, असं तिने ठरवलं होतं. हे ती मला इतक्या साधेपणाने सांगत होती की मला रागावताच येईना.

वर्दीतल्या बाई भल्या होत्या. नारळ इथे ठेवून जा नाहीतर परत जाऊन सामानात टाका, म्हणाल्या. आत्याने ठेवून जायचं नाव काढलं नाही. तिने वादही घातला नाही, फक्त नारळ पदराखाली घेऊन उभी राहिली.

मग काय करते? आम्ही उलट पावली बाहेर आलो. काउंटरवरची मुलगी मराठी निघाली. तिने विचारलं, “ताई, बॅग कुठेय?” मी नारळ दाखवला. तिने इतकी रक्कम सांगितली की मेट्रो, मंगळवार, पुऱ्या आणि रिकाम्या बाटल्या यांतून वाचवलेलं सगळं त्यात गेलं. माझी घडीची कापडी पिशवी काढली, त्यात नारळ घातला, गाठ मारली. मुलीने तिला पट्टी लावली आणि वर आपणहून ‘नाजूक वस्तू’ असा स्टिकर चिकटवला. माझ्या आयुष्यातलं पहिलं जादा सामान पट्ट्यावरून डुलत आत गेलं. आत्या मात्र निर्धास्त झाली, खिडकीशी बसली आणि ढग यायच्या आत झोपलीसुद्धा.

कोचीला मोठमोठ्या बॅगांच्या रांगेत आमची एवढीशी पिशवी आली. शेजारच्या मल्याळी काकांनी आत काय म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग काचेपलीकडच्या माडांकडे बघितलं.

विमानतळावरून आलुव्याच्या मेट्रो स्टेशनपर्यंत बस आहे आणि तिथून मेट्रो थेट शहरात. टॅक्सीवाल्यांकडे लक्ष देऊ नका. रूपा आणि तिचा नवरा सुजित एडपल्लीला राहतात. सुजित मल्याळी आहे, मराठी त्याला तुटकंच येतं, पण सासूसाठी त्याने हॉलमध्ये जमिनीलगत बसायला पाट आणून ठेवला होता, गुडघ्यांचा विचार न करता. आत्याने तो न बोलता देवासाठी वापरला आणि त्यावर नारळ ठेवला. फोडायचा कधी, असं रूपाने विचारलं तर म्हणाली, आधी बघू दे.

पुढचा आठवडा आम्ही फिरलो. फोर्ट कोचीला बोटीने जा, भाडं किरकोळ आहे. आत्याला पाण्यातून जाताना वर्सोव्याहून मढला जायची होडी आठवली आणि तिने ही बोट जास्त स्वच्छ असल्याचा निकाल दिला. चिनी जाळी बघून झाली, मसाल्यांच्या गल्ल्या झाल्या. पण आत्याचा जीव रमला तो मासळी बाजारात. तिथल्या कोळणीला मराठी येईना, आत्याला मल्याळम येईना. दोघींनी बोटांवर घासाघीस केली, एकमेकींवर चिडल्या, आणि शेवटी कोळणीने दोन तारल्या वर टाकल्या. दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा तिच्याकडेच गेली, माझ्याशिवाय.

सकाळी सुजितने कांजी केली. आत्याने वाटीत बघितलं आणि थबकली. उकड्या तांदळाची पेज होती, आमच्या गावची असते तशीच, दाणा लालसर. मुंबईत ती पेज करायची तर आत्या गावाहून तांदूळ मागवते आणि पुरवून पुरवून वापरते. इथे तो कोपऱ्यावरच्या दुकानात पोत्याने उभा होता. तिने दोन वाट्या पेज प्यायली. मी अप्पम खात होते आणि मला ते गोड लागेनासं झालं. मुलुंडच्या पडद्यांचं काय होणार, ते मला तेव्हाच कळायला लागलं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्या अंघोळ करून पाटासमोर उभी राहिली. रूपाने सुजितला आधीच पढवून ठेवलं होतं, की मी डोळ्यांनी खुणावलं की म्हणायचं. आत्याने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” आम्ही तिघं म्हणालो. सुजितचा आवाज सगळ्यात मोठा.

“ह्या पोरांच्या घरात मी आता रवाक येतंय रे म्हाराजा. माझा काय चुकला-माकला तर पोटात घाल...”

रवाक, म्हणजे राहायला. या वेळी रूपा खुणावायला विसरली, कारण ती रडत होती. मी नुसती नारळाकडे बघत होते. एकट्या सुजितने, काय चाललंय ते न कळता, खणखणीत ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. आत्याने नारळ फोडला. पाणी गोड निघालं, आणि मी त्याचं खोबरं रागाने खाल्लं, हेही सांगून टाकते.

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. पर्स बिनघोर गेली. मुलुंडच्या घरमालकाला मी दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं.

तर हलकं जावं का? जरूर जावं. चार साड्यांत आत्याचा आठवडा मजेत गेला, एकदाही पाचवीची आठवण निघाली नाही. पण हे सगळं परत यायचं असलेल्यांसाठी आहे, हे मला आधी सुचलं नव्हतं.

काल तिचं एका बाजूचं तिकीट काढायला नाहूरला गेले. घरभर खोकी होती. या वेळी सामानासकट तिकीट, पंधरा किलो, मी मोठेपणाने म्हणाले. बॅग काट्याला लावली तर अठरा भरली. तळाशी तिचा काळाभोर बिडाचा तवा होता, ओतीव लोखंडाचा, चांगलाच जड. मी तो उचलून बाहेर ठेवला. रूपाकडे अप्पमची दोन भांडी आहेत, सुजित तांदळाचे घावणे खात नाही, शिवाय तवे तिथेही मिळतात, असं सगळं समजावून सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि तवा पुन्हा आत ठेवला.

“तू येतलंस तेव्हा तुका घावणे कशार घालू गो?”

मी खाली बसले, फोन काढला आणि वीस किलोवर बोट ठेवलं.